बस्त्याचे बूट

लग्नसराई आली, हे मला पंचांगाच्या आधी माझ्या उजव्या टाचेकडून कळतं. सकाळी उठून पहिलं पाऊल जमिनीला टेकलं, की बाभळीचा काटा रुतावा तशी एक कळ पोटरीपर्यंत चढते आणि मी स्वतःशीच म्हणते, चला, तारखा निघाल्या. मग दोन-चार दिवसांत आर्णी रोडकडून बँडवाल्यांचा सराव ऐकू यायला लागतो. कडुनिंबाचा बारीक फुलोरा रस्त्याच्या कडेला सांडलेला असतो. रसवंतीच्या चरकाचे घुंगरू दुपारभर वाजतात. यवतमाळचं ऊन असं तापतं, की लग्नाला न जाण्यासाठी तेवढं एक कारण पुरे व्हावं. पण ते कारण कोणी वापरत नाही. ज्याला फाटकापर्यंत जायचा कंटाळा, तोही भर दुपारच्या मुहूर्ताला कोट घालून घाम पुसत उभा असतो.

मी साड्यांच्या दुकानात असते. घ्यायला नाही, विकायला. दुसऱ्यांच्या लग्नाच्या साड्या उलगडण्यात आयुष्य असं गेलं, की माझ्या स्वतःच्या लग्नात मी काय नेसले होते, ते मला फोटो पाहून सांगावं लागतं. दुकानात मला सगळे वंदनाताई म्हणतात. हुद्दा असा काही नाही. पण बस्ता आला की हाक मला पडते, आणि आमच्या धंद्यात हाक पडणं हाच हुद्दा.

बस्ता म्हणजे एका लग्नाची सगळी कापडखरेदी एका बैठकीत. नवरीचा शालू, करवल्यांच्या साड्या, विहिणीचा मान, मावश्या, माम्या, आणि जिच्याशी बोलणं बंद आहे त्या काकूचीही साडी. कारण बोलणं बंद असलं तरी साडी बंद नसते. मंडळी सकाळीच टेम्पो करून येतात, बरोबर डबे आणतात आणि संध्याकाळी जातात. मधल्या वेळात एखादी मावशी रुसून रसवंतीत जाऊन बसते, एखादं बाळ पैठण्यांवर झोपी जातं. हे सगळं सांभाळून नवरीच्या मनातला रंग, तिच्या आईच्या मनातला पोत आणि वडिलांच्या मनातली धास्ती, तिघांनाही एका साडीत आणून बसवायचं. हे ज्याला जमतं त्याने उगाच नम्रपणा करू नये. मला जमतं.

आणि हे सगळं पूर्वी बसून व्हायचं. आमचं दुकान गादीचं होतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गाद्या, वर पांढरीशुभ्र चादर, चपला दाराशी. मोठे शेठ गल्ल्यावर लोडाला टेकलेले. मी मधोमध मांडी घालून बसायची आणि साडीचं एक टोक हातात ठेवून बाकीची अशी फेकायची, की पदर बरोबर गिऱ्हाईक बाईच्या मांडीवर जाऊन थांबला पाहिजे. मांडीवर आलेली साडी बाई सहसा ढकलत नाही. नुसती बोटांत धरते, आणि मग सोडवत नाही. खळीचा वास, डांबराच्या गोळ्यांचा वास, बायकांच्या गजऱ्यांचा वास, आणि वर घरघरणारा पंखा. त्या गादीवर मी तरुणीची मध्यमवयीन झाले, आणि मला ते कळलंही नाही.

मग एका वर्षी, ऐन लग्नसराईच्या तोंडावर, मोठ्या शेठचा मुलगा हैदराबादला जाऊन आला.

छोटे शेठ हैदराबादेत काय काय पाहून आले ते त्यांनाच ठाऊक. पण महिनाभरात गाद्या गोदामात गेल्या आणि दुकानाचं शोरूम झालं. काचेचं दार, काचेचे काउंटर, आरशासारख्या फरश्या, थंडगार हवा आणि साड्या नेसलेले बिनडोक्याचे पुतळे. पहिल्याच दिवशी एका म्हातारीने पुतळ्यासमोर थांबून मला हळूच विचारलं, "व माय, हिचं डोकं कुठं गेलं?" मी म्हटलं, हैदराबादेतच राहिलं.

छोट्या शेठने आम्हा सगळ्यांना गोळा करून नवे नियम सांगितले. "आता उभ्यानं सर्व्हिस. शोरूममंदी कोनी बसत नाई. अन् पायात बंद बूट पायजे. चपला फटक फटक वाजते, बरं नाई वाटत." मग माझ्याकडे वळून, आवाज मऊ करून म्हणाले, "वंदनाताई, तुमी लंगडून राह्यल्या, मी पाह्यलं. नसंल जमत तं सांगा. खाली परकर-टॉवेलचं काउंटर हाय. तिथं स्टूल टाकून देतो तुमाले."

हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. रागाने सांगितलं असतं तर मी भांडले असते. परकर-टॉवेल! टॉवेल घ्यायला कोणी टेम्पो करून येत नाही. टॉवेलवरून कोणती मावशी रुसत नाही. माणूस टॉवेल मागतो, घेतो आणि जातो. त्याच्या घरात काय चाललंय ते तुम्हाला कधी कळत नाही. मला तळघरात स्टुलावर बसून उरलेली नोकरी काढायची नव्हती. मी म्हटलं, "जमते." डॉक्टर म्हणाले होते टाचेला आराम द्या, आणि आराम जमत नसेल तर निदान चांगले मऊ बूट घ्या. आराम तर गोदामात गेला होता. राहिले बूट.

घरी हा विषय निघाला मात्र, माझ्या बुटांना घरच्या कार्याचं रूप आलं. माझे मिस्टर एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या वस्तू चाकावर चालतात, काहींची चाकं दिसत नाहीत इतकंच. ते म्हणाले, "आंगाचं सारं वजन मांगच्या एक्सलवर येऊन राह्यलं तुह्यं. तुले सस्पेंशन पायजे." माझी लेक प्राजक्ता तेव्हा बारावी देऊन रिकामी होती, आणि रिकाम्या मुलीच्या हातात फोन असला की घरात एक डॉक्टर वाढतो. तिने दोन दिवस वाचून जाहीर केलं, "आई, बूट संध्याकाळीच घ्यावे लागते. दिवसभर उभं राहून पाय सुजते न, तवा. सकायचा पाय खोटं बोलते."

म्हणून सुट्टीच्या दिवशी मला मुद्दाम दिवसभर उभं ठेवण्यात आलं. मी उभ्याने भाजी निवडली, उभ्याने जेवले, उभ्याने मालिका पाहिली. संध्याकाळी पाय व्यवस्थित सुजल्याची खात्री करून आम्ही तिघं सलीमभाईंच्या चपलांच्या दुकानात गेलो.

दुकानदाराच्या नजरेने पाहिलं तर गिऱ्हाइकांच्या काही वाक्यांनी डोक्यात तिडीक जाते. "यातच दुसरा रंग दाखवा" हे एक. "वरचा तो काढा; तो नाही हो, त्याच्या बाजूचा" हे दुसरं. आणि सगळं दुकान खाली उतरवून झाल्यावरचं, "आम्ही जरा पुढे पाहून येतो." अशा बायकांकडे पाहून मी कितीदा तरी मनात म्हटलं होतं, बाई, तुला काय हवंय ते तुलाच माहीत नाही, मी कुठून दाखवू? त्या संध्याकाळी सलीमभाईंच्या दुकानात अर्ध्या तासाच्या आत ही सगळी वाक्यं माझ्या तोंडून निघाली. आणि निघताना किती सहज निघाली म्हणून सांगू. जणू जन्मभर आत साठून होती.

एक बूट टाचेला मऊ, तर बोटांना आवळ. दुसरा बोटांना ऐसपैस, तर टाच आत डुलते. तिसरा सगळीकडून छान, पण घालून दोन पावलं टाकली की बदकासारखा आवाज. मिस्टर प्रत्येक बुटाचा तळ अंगठ्याने दाबून, नखाने ओरखडून, नाकाशी नेऊन पाहत होते. एकाची नक्षी बघून म्हणाले, "ग्रिप बरी हाय. रिमोल्ड तं नाई न?"

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "भाऊ, बूट है. बस का टायर नहीं."

प्राजक्ता म्हणत होती, दोन्ही पायांत घाल, पुढे अंगठाभर जागा राहिली पाहिजे, आणि उभी राहा, कामावर जशी राहतेस तशी. तशी मी उभी राहिले. हात उंचावून वरच्या फळीवरचं खोकं काढलं, वळले, वाकले, खोकं उघडून समोर धरलं. समोर एक अनोळखी बाई होती. तिने खोक्यातली सँडल पाहिली आणि विचारलं, "यात दुसरा रंग हाय का?" मी सवयीने म्हणाले, "हाय न ताई, तुमी बसा." सलीमभाईंनी तोंडाला रुमाल लावला.

शेवटी एक जोड पायात गेला, आणि मी गप्प झाले. हे आमच्या गादीवरही असंच होतं. बडबडणारी नवरी एका साडीशी येऊन एकदम गप्प होते, आणि आम्ही मनात बिल करायला घेतो. टाच आत अशी बसली, जशी कोणी ओंजळीत धरली. पण रंग! वरून करडा, आणि तळ व नाड्या झगझगीत राणी रंगाच्या. साडीखाली राणी रंगाची नाडी! मी म्हटलं, "सलीमभाई, यातच दुसरा..."

"दुसऱ्या कलरात हा नरमपना नाई, ताई," ते म्हणाले. "आपन नवरीले काय म्हनता? कलर आंगावर घेतल्यावर खुलते. हा पायात खुलंल."

माझंच वाक्य माझ्या पायात आलं, तेव्हा नाही म्हणायला जागा उरली नाही. आजूबाजूला उघड्या खोक्यांचा डोंगर झाला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, फार त्रास दिला तुम्हाला. सलीमभाई खोकी लावत हसले. "ताई, मेरी बच्ची के निकाह के टैम मेरी तीनों बहनें दिनभर आपके पास बैठी थी. एक साड़ी ली, वो भी दूसरे दिन वापस लाई. आपने चाय पिलाई थी. मैंने अभी तक चाय भी नहीं पिलाई." मग त्यांनी चहा मागवला.

साडीखाली बूट घालून गल्लीतून जाऊ लागले तेव्हा शेजारणीने विचारलं, "काव, पोलिसात लागली का?" पण मला कशाचं काही वाटत नव्हतं. कापूस नुकताच वेचून आणून घरात टाकलेला असतो, लहानपणी त्या ढिगावर आम्ही पाय रोवून उभ्या राहायचो, तसं वाटायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी त्या थंड फरशीवर उभी, आणि टाच आहे की नाही तेही विचारावं लागेल अशी. छोटे शेठ दोनदा येऊन बूट बघून गेले आणि म्हणाले, "याले म्हनते प्रोफेशनल." त्या दिवसांत एक-दोन साड्यांची किरकोळ गिऱ्हाइकंच येत होती. टॉवेलचं काउंटर आता माझ्या स्वप्नातही येत नव्हतं.

मग हंगामातला पहिला बस्ता आला. बाभुळगावकडच्या एका खेड्यातली मंडळी, टेम्पो भरून. पुढे नवरीची आत्या. सुभद्रा आत्या, साठी ओलांडलेली, उंच, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, आणि चेहरा असा की घरातल्या भांडणाचा निकाल तिच्याकडेच लागत असणार. काचेच्या दाराशी येऊन तिने पायांतल्या चपला काढल्या. तिच्या मागे सगळ्यांनी काढल्या. छोटे शेठ धावत गेले, "राहू द्या, काकू, राहू द्या, तसंच या!" कोणी ऐकलं नाही. दुकान म्हणजे लक्ष्मीचं घर, तिथं कोणी चपला घालून येतं का? चकचकीत पायरीवर धुळीच्या चपलांचा ढीग झाला. मंडळी त्या गार फरशीवर अनवाणी आत आली आणि बसायचं कुठं म्हणून इकडेतिकडे पाहू लागली.

बस्त्यातली पहिली साडी देवाची असते. घरच्या देवीला ती आधी निघते, तिला हळद-कुंकू लागतं, मग बाकीच्यांच्या निघतात. मी हिरवी, लाल काठांची साडी दोन्ही हातांवर घेतली आणि काउंटरच्या मागून पुढे आले. आत्याने कुंकवाचं बोट पुढे केलं. मग तिची नजर खाली गेली, आणि बोट तिथेच थांबलं.

"बाई, तुह्या पायात काय हाय?"

"बूट हाय, आत्या."

"अन् हातात?"

मी खाली पाहिलं. हातात देवीचं वस्त्र, आणि पायात राणी रंगाच्या नाड्या. माझ्या डोक्यात एकामागून एक सगळे येऊन गेले: हैदराबाद, छोटे शेठ, डॉक्टर, प्राजक्ताचा फोन, मिस्टरांचा अंगठा, सलीमभाईंची खोकी. आम्ही सगळ्यांनी मिळून टाचेचा विचार केला, बोटांचा केला, ग्रिपचा केला. जिची पहिली साडी निघते तिचा विचार एकालाही सुचला नव्हता. आणि मी? इतकी वर्षं ही साडी माझ्याच हातांनी निघत आली होती.

"नवीन सिस्टीम हाय, काकू," छोटे शेठ म्हणाले.

"सिस्टीम तुह्या घरी," आत्या म्हणाली. "बूट काढ, बाई."

बूट काढायचे कसे? हातांत साडी, ती कुठे ठेवता येईना, कारण देवाची साडी कुंकू लागल्याशिवाय खाली ठेवत नाहीत. नाड्या मी नेमाने दुहेरी गाठ मारून बांधल्या होत्या. वाकता येईना. आणि मग छोटे शेठ, शर्ट खोचलेले, गळ्यात ओळखपत्र लटकवलेले, हैदराबाद पाहून आलेले छोटे शेठ, माझ्यासमोर फरशीवर गुडघे टेकून बसले आणि माझ्या नाड्या सोडू लागले. गाठ सुटेना. गल्ल्यावरून मोठे शेठ म्हणाले, "दातानं सोड." मुलाने बापाकडे असं पाहिलं, की मी नजर छताकडे लावली.

आजकाल काउंटरवरच्या नव्या मुली मला विचारतात, ताई, बूट कोणते घ्यावे? मी सांगते, संध्याकाळी घ्या, दोन्ही पाय घालून पाहा, दुकानदार कंटाळेपर्यंत उभ्या राहा, आणि नाडीचे घेऊ नका. नाडीचे काहून नाई, असं एखादी विचारते. तेव्हा मी छोट्या शेठकडे पाहते, आणि छोटे शेठ फोनमध्ये पाहतात.

तर बूट दाराशी त्या ढिगात गेले. साडीला कुंकू लागलं, आणि बस्ता सुरू झाला. मी अनवाणी, बर्फासारख्या फरशीवर. पहिला तास गेला. दुसऱ्या तासाला टाचेने डोळे उघडले. नंतर तर मी बगळ्यासारखी एका पायावर उभी राहून शालू दाखवत होते, आणि पाय बदलला की तोंडचं वाक्य अर्धं राहत होतं. समोर काउंटरच्या काचेवरून साड्या घसरत होत्या. फेकायला जागा नव्हती, थांबायला कोणाची मांडी नव्हती. नवरी कंटाळली होती. तिची आई म्हणत होती, बाकीचं नागपूरला पाहू. छोटे शेठ पलीकडून माझ्या पायांकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा ती दया येऊ लागली होती. मला स्पष्ट दिसत होतं, हा बस्ता उठून गेला की मी खाली जाणार. स्टुलावर. मला तिथे, सगळ्यांसमोर, रडू येईल असं वाटलं, आणि त्याचा मला भयंकर राग आला.

आत्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "टाच?"

"हाव."

"सकायी, पयलं पाऊल?"

"पयलंच. मंग जरा बरं राह्यते."

तिने मान हलवली. मग वळून असा आवाज लावला, की पुतळ्यांना डोकी असती तर त्यांनी वळून पाहिलं असतं. "उभ्यानं बस्ता होते का कुठं? पोरीचं लगन हाय, रेशनची लाइन नाई. गादी टाका. नाई तं आमी चाललो."

मंडळींना आपली आत्या एकदम का चिडली ते कळलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. कारण पाय सगळ्यांचेच गारठले होते. मोठे शेठ गल्ल्यावरून उठले. मुलाला विचारलं नाही, स्वतः गोदामाकडे गेले. दोन गाद्या आल्या. पांढरी चादर काही सापडेना, तेव्हा विक्रीतलीच एक डबलबेडची चादर पाकीट फाडून पसरली, मोठ्या मोठ्या सूर्यफुलांची. सुभद्रा आत्या सूर्यफुलावर बसली आणि शेजारच्या सूर्यफुलावर हात थोपटून मला म्हणाली, "बस."

मी बसले. बसणं म्हणजे काय असतं ते आयुष्यात मला फक्त त्या दिवशी कळलं. मांडी घातली, टाच साडीच्या घोळात गेली, आणि मी शालूचं टोक धरून तो फेकला. तो सरसरत उलगडत गेला आणि नवरीच्या मांडीवर जाऊन थांबला. ती बोलत होती. ती गप्प झाली.

संध्याकाळपर्यंत तो बस्ता चालला. मोठे शेठही गादीवर येऊन बसले, उगाचच. शेवटी शेवटी छोटे शेठही एका सूर्यफुलाच्या कडेला टेकले. नागपूरचं नाव कोणी काढलं नाही.

मंडळी गेल्यावर मी दाराशी आले, तर ढीग गेला होता आणि माझे बूट नव्हते. त्यांच्या जागी झिजलेल्या तपकिरी चपलांचा एक जोड होता. मी संतापले. इतकी तयारी करून, इतकी खोकी उघडून घेतलेले माझे बूट! रागाने मी उजवी चप्पल उचलली. तिची टाच आतल्या बाजूने पार झिजली होती, अगदी माझ्या चपला झिजतात तशी. आणि त्या झिजलेल्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा, टाचेच्या मापाने नीट गोल कापून, चिकटवलेला होता. मी त्या चपला घालून घरी गेले. मिस्टरांनी दारातच ट्यूबचा तुकडा दाबून पाहिला आणि म्हणाले, "कोनं बसवलं हे? काम साफ हाय."

दुसऱ्या दिवशी छोट्या शेठने मंडळींना फोन लावला. आत्याच्या पुतण्याने चौकशी करून सांगितलं, "आत्या म्हनते, मुद्दाम नाई नेले. गडबडीत पाय गेले त्याच्यात. पन आता गेलेच हाय तं लगन होऊन जाऊ द्या. बूट घ्याले लग्नालेच या."

आम्ही गेलो. प्राजक्ताने वाटेत माझ्याकडून तीनतीनदा वदवून घेतलं, की मी संकोच करणार नाही, बूट मागून घेईन. मांडवाच्या दाराशीच सुभद्रा आत्या उभी. काठापदराची नऊवारी, नाकात नथ, आणि काष्ट्याखाली राणी रंगाच्या नाड्या. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होती, कोणाला पाणी, कोणाला खुर्ची, कोणाला ओरडा. सकाळपासून ती तिथं उभी होती, असं तिच्या भावजयीने सांगितलं, "यंदा पयल्यांदा बसा बसा म्हनावं नाई लागलं." देवघरात जाताना ती बूट उंबऱ्याशी काढून जायची आणि बाहेर येऊन पुन्हा चढवायची. माझी नजर पायांकडे गेलेली पाहून म्हणाली, "देवाच्या कापडाले चालत नाई. पाव्हन्याईले चालते."

मग तिथेच एका खुर्चीवर बसून ती गाठ सोडायला लागली. "घेऊन जाय, बाई. तुही चीज तुले."

वरातीचा बँड जवळ येत होता. तिला आता दारात उभं राहायचं होतं. प्राजक्ता माझ्या पाठीत बोट खुपसत होती. मी म्हटलं, "राहू द्या, आत्या. लगन आटपू द्या."

"मंग आटपलं की देतो वापस," ती म्हणाली, आणि उठून दारात गेली.

ते लग्न आटपलं, पण पाठोपाठ दुसऱ्या पुतणीचं जमलं. मग दिराच्या नातवाचं. मग गावातल्या कोणाकोणाचं. कारण त्या गावात आता बस्ता काढायचा म्हणजे सुभद्रा आत्याला बरोबर घ्यायचं, आणि आत्याची अट एकच असते: गादी, आणि गादीवर वंदनाबाई. काउंटर अजून आहेत, पुतळेही आहेत, पण शोरूमच्या मधोमध पुन्हा गादी आहे, आणि तळघरातल्या स्टुलावर एक पोरगा बसून टॉवेल विकतो, खूश असतो. माझ्या चपलेत आता ट्यूबचा तुकडा असतो, खास वर्कशॉपमधून मापाने कापून आणलेला. टाच ठीक आहे म्हणायची. लग्नसराईत कुरकुरते, एरवी गप्प.

परवा सकाळी बाभुळगावकडचा बस्ता आला. मी आधी दाराशी ढीग पाहिला. आता सवयच झाली आहे. बूट होते. करडा रंग मातीचा झालाय, राणी रंग उडून शिळ्या जिलेबीसारखा झालाय, एका नाडीच्या जागी सुतळी आहे, आणि उजवी टाच आतून झिजलेली. काचेच्या दारावरचा नवा वॉचमन ते बूट बाजूला सरकवत विचारत होता, "आजी, हे तुमचे का?"

"माहे नाई," आत्या पुतण्याच्या हाताला धरून आत येत म्हणाली. "वंदनाबाईचे हाय. मी नुसती घालून राह्यली."

ती गादीवर माझ्या शेजारी टेकली. आता तिला बसायला वेळ लागतो. श्वास जुळवून म्हणाली, "हे आता घरातलं शेवटचं लगन हाय, बाई. हे आटपलं की तुहे बूट तुले देऊन टाकतो. मी काही आता येत नाई."

माझ्या हातात देवाची साडी होती. ते फाटके बूट मला नको होते. ते परत आले तर मी काय करणार होते त्यांचं?

"धाकट्या पुतण्याचा पोरगा?" मी विचारलं.

"थो तं अजून दहावीत हाय."

"मंग कायची घाई हाय, आत्या?" मी म्हटलं, आणि साडी तिच्यासमोर धरली. "कुंकू लावा."